टपरीवरचे प्रश्न : शंका घेणाऱ्या मुलांशी ख्रिस्ती विश्वासाबद्दल कसं बोलावं

शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, मी वीस वर्षं शिकवतोय, पण मुलांचे खरे प्रश्न त्या वर्गात फार क्वचित ऐकू आले. तिथे ती वचन पाठ म्हणतात, नाताळच्या नाटकात मेंढपाळ होतात आणि दहावी झाली की हळूहळू दिसेनाशी होतात. मग एखाद्या शनिवारी संध्याकाळी तीच मुलं चहाच्या टपरीवर भेटतात, कटिंग हातात घेतात आणि विचारतात, "दादा, खरं सांगा, मेलेला माणूस उठला हे तुम्हाला मनापासून पटतं का?"

हा लेख त्या टपरीवरच्या बोलण्याबद्दल आहे. पाळक (चर्चचे धर्मगुरू), शब्बाथ शाळेचे शिक्षक, तरुण संघाचे कार्यकर्ते आणि ज्यांच्या घरात असं शंका घेणारं मूल आहे ते आईवडील, यांच्यासाठी लिहितोय. आपल्या मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या परिवारातल्या, मुलांबरोबर त्यांचे इतर धर्मांतले मित्रही येतात आणि तेही विचारतात. त्यांच्या बाबतीत जास्त जपावं लागतं, तेही सांगतो.

घरातून निघण्याआधी

आधी मुलाच्या घरी जा. मूल अठराच्या आतलं असेल तर आईवडिलांना स्पष्ट सांगा की आम्ही शनिवारी अमुक टपरीवर बसतो, तुमचा मुलगा येतो, विश्वासाबद्दल बोलणं होतं, तुम्हीही कधीही या. त्यांनी नको म्हटलं तर त्या मुलाशी क्रिकेट आणि अभ्यास यांवर बोला, तिथेच थांबा. मित्र वेगळ्या धर्माच्या घरातला असेल तर हे दुप्पट लागू. त्याने विचारलं तर एका वाक्यात प्रामाणिक उत्तर द्या आणि म्हणा, "यावर आणखी बोलायचं असेल तर आधी घरी सांग. घरच्यांना चालणार असेल तर बोलू." त्याच्या हातात पुस्तक, पत्रक, क्रूस काही देऊ नका. जे आईवडिलांपासून लपवावं लागतं ते सुवार्तेचं काम नाही असं मी मानतो, आणि या एका नियमाला मी कधी अपवाद केलेला नाही.

एकटे जाऊ नका. आमच्यात एक पुरुष आणि एक स्त्री असे दोघं तरी असतात. मुलाला गाडीवर बसवून कुठे नेणं नाही, बंद खोलीत बसणं नाही, रात्री अकराला एकट्या मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर वचन पाठवणं तर अजिबात नाही. जे काही बोलायचं ते चारचौघांना दिसेल अशा जागी.

कायद्याची किमान माहिती हवी. घटनेचं कलम २५ सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा आहे. १९७७ साली स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपलं म्हणणं मांडायचा अधिकार आपला, निर्णय पूर्णपणे ऐकणाऱ्याचा. दुसऱ्याच्या श्रद्धेचा जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमान हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. मला विचाराल तर तो कायद्याच्याही आधी शेजारधर्माचा गुन्हा आहे. राज्याराज्यांत वेगळे कायदे आहेत आणि ते बदलतात, म्हणून मंडळीतल्या एखाद्या वकिलाला वर्षातून एकदा तरुण संघात बोलवा.

आणि वस्तू वाटू नका. वह्या, टीशर्ट, सहलीचं तिकीट, काहीही नाही. आमच्याकडे चहाचे पैसेसुद्धा ज्याचे तो देतो. मुलांनी एकमेकांचे दिले तर ती त्यांची दोस्ती.

जागा कशी निवडावी

जिथून मुलगा सहज उठून जाऊ शकतो ती जागा चांगली. टपरी, मैदानाची कडेची पायरी, बागेतला बाक. शाळेच्या किंवा क्लासच्या फाटकासमोर उभं राहू नका, तिथे मुलांना टाळता येत नाही. हॉस्पिटलच्या आवारात नको, माणूस तिथे आधीच हतबल असतो. दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळाजवळ नको. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत सगळ्या धर्मांचे लोक आपणहून येतात, मुलं तिथे सहज विचारतात, "मेणबत्ती लावून काय होतं?" अशा ठिकाणी विचारलं तेवढंच सांगावं. लोक श्रद्धेने आले आहेत, त्यांना हेरायला आपण गेलेलो नाही.

रेल्वेच्या डब्याबद्दल मात्र मला नेहमी एक प्रसंग आठवतो. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपीय सहप्रवासी होता. बोलणं सुरू झालं ते कवितेवरून, धर्मावर ते नंतर आलं. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची (बायबलच्या येशूविषयीच्या भागाची) प्रत दिली आणि वाचा म्हणाला. टिळकांनी ती वाचायला घेतली, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि त्यांना ती खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशासमोर तिशी ओलांडलेला, संस्कृत जाणणारा, वाद घालायला समर्थ असलेला माणूस बसला होता. आपल्यासमोर पंधरा वर्षांचं पोर असतं. त्यामुळे पुस्तक देण्याचा भाग नंतर, घरच्यांना विचारून. कवितेचा भाग मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावा. त्या माणसाने आधी समोरच्याच्या आवडीत मनापासून रस घेतला होता.

बोलणं सुरू कसं करायचं

सुरू करूच नका. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच बाकावर बसा. पहिले दोन-तीन महिने बोलणं आयपीएल, सीईटीचा क्लास, कुणाचा मोबाइल फुटला यावर होईल. ते वाया गेलं असं समजू नका. मुलं पाहत असतात की हा माणूस चहावाल्याशी कसा बोलतो, हरल्यावर चिडतो का, दुसऱ्या जातीच्या पोराची थट्टा झाली तर हसतो का.

प्रश्न आला की उत्तर देण्याआधी दोन गोष्टी विचारा. "हे तुला कुठून सुचलं?" आणि "तुला स्वतःला काय वाटतं?" बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता, तेव्हा तो त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता असं शुभवर्तमानात लूक लिहितो. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपल्या शास्त्रात इतकं मोठं स्थान आहे आणि आपण मंडळीत त्याला "उगाच फाटे फोडू नकोस" म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मंडळीची भाषा टपरीवर चालत नाही. "तारण", "पापक्षमा", "कोकराचं रक्त", "अभिषेक", "ओझं आलं" हे शब्द मुलांनी लहानपणापासून इतके ऐकलेत की त्यांतून काही पोचत नाही. "तारण" तर त्यांना सोनेतारण कर्जाच्या पाटीवरूनच जास्त ओळखीचं आहे. घरी कागद घ्या, असे दहा शब्द लिहा आणि प्रत्येकाचा अर्थ आठवीतल्या मुलाला कळेल अशा दोन वाक्यांत लिहून काढा. ज्या शब्दाचा अर्थ लिहिता येणार नाही तो आपल्यालाच कळलेला नाही. माझं "कृपा" या शब्दापाशी अडलं होतं. शेवटी लिहिलं, "मी लायक आहे की नाही हे न बघता मिळालेलं प्रेम."

आजीचा प्रश्न

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक शंका शेवटी इथेच येऊन पोचतात.

एक सोळा वर्षांचा मुलगा होता, आमच्याच मंडळीतला. विज्ञान, डायनासोर, नोहाचं तारू यांवर तो दोन महिने माझ्याशी भांडत होता आणि मी मोठ्या तयारीने उत्तरं देत होतो. एका शनिवारी म्हणाला, "आजीसाठी सगळ्या मंडळीने उपास केला होता. मी पण केला. मग?" मी लगेच बोललो, की जे देवावर प्रीती करतात त्यांच्यासाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक ठरतात. वचन खरं होतं, पण त्या क्षणी मी ते त्याच्या तोंडावर फेकलं. त्याने अर्धा भरलेला ग्लास बाकावर ठेवला, सायकल काढली आणि गेला. चहावर साय धरेपर्यंत मी त्या ग्लासाकडे बघत बसलो होतो. पाच महिने तो आला नाही.

बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं, सगळं काही गेलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. तोंड उघडल्यावर त्यांचं चुकत गेलं. आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, आणि थोड्याच वेळात तो लाजराला उठवणार होता तरी रडला. वधस्तंभावर त्याने बाविसाव्या स्तोत्राची हाक मारली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" दुःखाचा प्रश्न आला की आधी गप्प बसा. मग आजीबद्दल विचारा. काय बनवायची, कुठलं गीत गुणगुणायची, शेवटी तू जवळ होतास का. तो स्वतः विचारेल तेव्हा म्हणा, "देवाने असं का होऊ दिलं ते मला माहीत नाही. तो तुझ्या रडण्यापासून लांब नाही, एवढं मी मानतो." त्यापुढे रेटू नका.

एक गोष्ट वेगळी सांगतो. बोलता बोलता मुलाने जीव नकोसा झाल्याचं, घरी मारहाण होत असल्याचं किंवा कुणी अंगचटीला येत असल्याचं सांगितलं, तर ते गुपित ठेवायचं वचन देऊ नका. नुसती प्रार्थना करून सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हे क्रमांक फोनमध्ये असावेत. मूल सुरक्षित असलेल्या माणसाकडे पोचेपर्यंत त्याच्याबरोबर थांबा. आणि "विश्वास ठेव, गोळ्या बंद कर" असं कुणीही, कितीही मोठा प्रचारक असला तरी, आमच्या बाकावर म्हणायचं नाही.

"हा तर गोऱ्यांचा धर्म"

हा प्रश्न आपल्या मुलांना वर्गमित्र विचारतात आणि मग ती आपल्याला विचारतात. खाली मान घालून येतात, कारण उत्तर माहीत नसतं.

मी पूर्वी थेट फादर स्टीफन्स या मराठीत लिहिणाऱ्या धर्मगुरूपासून सुरुवात करायचो. १६१६ साली गोव्यात राशोलला त्यांचं ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीची मनापासून स्तुती. एका मुलीने मला मध्येच थांबवलं, "दादा, पण तोही इंग्रजच की!" बरोबर होतं तिचं. तेव्हापासून मी सुरुवात बेथलेहेमपासून करतो. येशू आशियात जन्मला, रोमन साम्राज्याच्या ताब्यातल्या गरीब प्रजेत, आणि साम्राज्याच्या सुभेदाराच्या हुकुमाने मारला गेला. केरळातले ख्रिस्ती आपली परंपरा प्रेषित थोमापर्यंत नेतात, तो इसवी सन ५२ मध्ये आला असं ते मानतात. परंपरा म्हणूनच सांगा, पुरावा म्हणून नको. पण युरोपीय जहाजं येण्याआधी शेकडो वर्षं तिथे ख्रिस्ती होते हे नक्की.

मग पंडिता रमाबाई. इथे घाई करू नका, ही गोष्ट शंका घेणाऱ्या मुलांना फार आवडते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर त्या गप्प बसल्या नाहीत. ज्या सिस्टरांनी त्यांना शिकवलं त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वाद घातला. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) पटत नाही म्हणाल्या, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काही मानणार नाही म्हणाल्या. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं, दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला, आणि हिब्रू व ग्रीक शिकून मराठीत बायबल आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर ते काम पुरं झालं होतं. मी मुलांना विचारतो, "ज्या बाईने एवढे प्रश्न विचारले तिचा विश्वास खोटा होता का?" आणि उत्तराची वाट पाहतो.

टिळकांबरोबर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही सांगा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, खूप सोसलं, आणि पुढे स्वतःच्या विचाराने आल्या. मुलींना हे ऐकवावंच.

याच ओघात जातीचा प्रश्न येतो, आणि इथे बचाव करू नका. "चर्चमध्ये जात नाही ना? मग लग्न ठरवताना का विचारतात?" खरं आहे, विचारतात. अहिल्यानगर, जालना भागातल्या कित्येक ख्रिस्ती घरांचे पूर्वज जातीच्या छळातून बाहेर पडायला इकडे आले आणि तरी ती मागे लागलीच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती कुटुंबांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शीख दलितांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. त्यामुळे काही घरांत कागदावर एक आणि रविवारी दुसरं अशी ओढाताण असते. मुलाला ती दिसते. त्याला खोटारडेपणा म्हणून मोकळं होऊ नका. त्यामागची भीती आणि गरज त्याला समजावून सांगा, आणि मंडळीचं जिथे चुकलं तिथे "चुकलं" म्हणा. माझ्या अनुभवात या एका शब्दाने जितकी मुलं पुन्हा बोलू लागली तितकी कुठल्याही युक्तिवादाने नाही.

पुरावा आणि विज्ञान

यावर थोडक्यातच, कारण मुलं इथे वाटतात तितकी अडलेली नसतात. येशू होऊन गेला का, असं विचारलं तर टॅसिटसचं नाव सांगा. हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती नव्हता, ख्रिस्ती लोकांचा त्याला तिटकाराच होता. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्याने लिहून ठेवलं की रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात ख्रिस्ताला देहदंड झाला. पुढे लगेच हेही सांगा की याने वधस्तंभ सिद्ध होतो, पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यातून उठणं, नाही. पुनरुत्थानासाठी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय एकत्र वाचा. घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांनी प्रेषित पौल त्यात लिहितो की ज्या पाचशेहून अधिक जणांनी उठलेल्या येशूला पाहिलं त्यांतले बरेच अजून जिवंत आहेत. म्हणजे जाऊन विचारा, असंच तो म्हणतोय. पटेल न पटेल, मुलाला स्वतः तोलू द्या.

विज्ञानाच्या पुस्तकात वाटाण्याचे प्रयोग करणारा मेंडेल मठवासी होता, विश्वाच्या प्रसरणाची कल्पना १९२७ मध्ये मांडणारा लेमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. ही नावं हुकमी पत्त्यासारखी टाकू नका. यांनी देव सिद्ध होत नाही. प्रयोगशाळा आणि प्रार्थना एकाच माणसाच्या आयुष्यात मावतात, एवढंच कळतं. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातले सृष्टीचे सहा दिवस शब्दशः घ्यायचे की नाही यावर आपल्याच मंडळ्यांत दोन मतं आहेत, तेही मुलांपासून लपवू नका.

स्वतःची साक्ष

म्हणजे आपण विश्वासाकडे कसे आलो ती गोष्ट, तीन मिनिटांत संपेल अशी. फुगवू नका. माझी आहे ती साधी आहे: नोकरी गेली होती, चार महिने कुणाला सांगितलं नाही, खोटं बोलून सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचो, आणि एका रविवारी बाविसावं स्तोत्र वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की हे सगळं आधीच कुणालातरी माहीत आहे. त्या संध्याकाळी बायकोला खरं सांगितलं. नोकरी त्यानंतर सात महिन्यांनी लागली, तेही सांगतो, म्हणजे मुलांना असं वाटू नये की प्रार्थना केली आणि फोन आला. "येशूकडे ये, नीटमध्ये नंबर लागेल" असलं कधी बोलू नका. नंबर नाही लागला की ते पोर दोनदा मोडतं.

वाचायला द्यायचं असेल तर मार्कचं शुभवर्तमान, सोळा अध्याय, दोन संध्याकाळींत होतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना जुन्या भाषांतराची मराठी जड जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल त्यांना पुष्कळ सोपं वाटतं. प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा, "तुझ्यासाठी आत्ता प्रार्थना केली तर चालेल, की मी घरी करू?" बहुतेक जण घरी म्हणतात. मग घरी करा, नाव घेऊन, आणि त्याला परत सांगत बसू नका.

कुणी हरकत घेतली तर

एखादे काका येऊन म्हणतात, "काय चाललंय इथे?" उठून उभे राहा, नमस्कार करा, स्वतःचं नाव आणि मंडळी सांगा, ही आमच्या मंडळीतली मुलं आहेत, घरच्यांना माहीत आहे, असं सांगा. त्यांना बसायला जागा द्या. आवाज चढला तर बोलणं तिथेच थांबवा, मुलांना आधी घरी पाठवा, मग तुम्ही निघा. वाद जिंकायचा नाही, मोबाइल काढून चित्रण करायचं नाही, रात्री ते टाकायचंही नाही. धमकी मिळाली तर मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांना घेऊन दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात शांतपणे जा. आमच्याकडे हरकत घेणारे एक आजोबा पुढे दर शनिवारी आमच्याच बाकावर बसू लागले. ते वारकरी आहेत. तुकोबांचा अभंग म्हणतात, मुलं ऐकतात, कधीकधी टिळकांचं एखादं भजन मुलं त्यांना म्हणून दाखवतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

त्यानंतरचे शनिवार

बोलणं झाल्यावर घरी वहीत प्रश्न लिहून ठेवा, मुलाचं नाव न लिहिता. ज्याचं उत्तर आलं नाही त्यावर खूण करा, पाळकांना विचारा, आणि पुढच्या वेळी "तू त्या दिवशी विचारलं होतंस ना" असं म्हणून तिथूनच पुढे बोला. आपला प्रश्न कुणीतरी आठवडाभर सांभाळला, हे मुलांना फार मोठं वाटतं. किती जण उपासनेला आले याची मोजदाद मात्र ठेवू नका. ती ठेवली की नजर मुलावरून आकड्यावर जाते.

आजीचा प्रश्न विचारणारा तो मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. पाच महिन्यांनी तो परत आला तेव्हा मी आधी त्याची माफी मागितली. तो अजून उपासनेला येत नाही. टपरीवर येतो. गेल्या शनिवारी म्हणाला, "दादा, ईयोबाला शेवटी नवीन मुलं झाली म्हणे. पण पहिली मेली ती मेलीच ना?" मी म्हटलं, "हो. मलाही ते खुपतं." मग आम्ही दोघांनी ठरवलं की पुढच्या शनिवारी ईयोबाच्या पुस्तकाचा बेचाळिसावा अध्याय सावकाश वाचायचा. मराठी प्रत मी आणायची, इंग्रजी त्याने.